पोटलं यायची वेळ

तुमच्या वस्तीतला सरकारी दवाखाना किती वाजता उघडतो हे तुम्हाला कदाचित माहीत असेल. पण त्या वेळी तुमच्या शेजारणीच्या हातात काय काम असतं, हे तुम्हाला माहीत आहे का?

मला माहीत नव्हतं. शेजारणीचं सोडा, त्या वेळी माझ्या आईच्या हातात काय असतं हेही मला सांगता आलं नसतं. आणि तरी त्याच दवाखान्यासाठी मी एक पत्रक लिहिलं होतं. त्यात 'जनता' हा शब्द तीनदा होता आणि उद्गारचिन्हं नऊ होती. उद्गारचिन्हं माझ्या पक्की लक्षात आहेत, कारण नंतर आमच्या मॅडमनी ती लाल पेनानं एकेक करून मोजली.

आम्ही बमरोलीला राहतो. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या, खाली गल्ली, आणि गल्लीच्या टोकाला दवाखाना. आप्पा, म्हणजे माझे वडील, तरुणपणी शिरपूरकडून सुरतेला आले आणि पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये लागले. अजून तिथंच आहेत. रंगाच्या कामानं त्यांच्या नखांच्या कडा कायम निळ्या असतात. घरी त्यांनी पैसा फार आणला नाही, पत्रकं मात्र पुष्कळ आणली. कामगारांची, पाण्यासाठीची, दारूबंदीची, अंगात येण्याविरुद्धची. पिवळ्या, गुलाबी, पातळ कागदांवरची. वाटून उरलेली पत्रकं घरी यायची. मांडणीवर डब्यांखाली तीच अंथरलेली असत. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. शाळेतल्या पुस्तकात 'कमळ' होतं, आमच्या मांडणीवर 'किती दिवस सहन करणार?' होतं. स्वल्पविराम कुठं द्यायचा हे मला आठवीत कळलं, उद्गारचिन्ह मात्र चौथ्या वर्षापासून येत होतं.

याबद्दल आप्पांचे आभार मी इथंच मानून घेते, कारण पुढं मी त्यांच्याशी थोडी भांडणार आहे. पत्रकांनी मला एक गोष्ट दिली: जे चाललंय ते असंच चालायला हवं असं नाही. ज्या मुलीला ही एक गोष्ट घरात फुकट मिळते तिनं कुरकुर करू नये.

मी सकाळी उधन्याला एका छपाईच्या दुकानात टायपिंग करते. लग्नपत्रिका, वास्तुशांती, हरवले-सापडले. दुपारनंतर कॉलेज. शहराचं नियोजन शिकवणारा एक अभ्यासक्रम आहे, त्यात मी हट्टानं शिरले. सकाळी आठला घर सोडते आणि दिवे लागायच्या वेळेला परत येते. हे वेळापत्रक सांगायचं कारण आहे, ते पुढं येईल.

गेल्या वर्षी दवाखान्याच्या दारावर एक नोटीस लागली. गुजरातीत होती. तिचा अर्थ असा, की या केंद्रात रुग्णांची हजेरी कमी आहे, म्हणून ते हायवेपलीकडच्या मोठ्या केंद्रात विलीन करण्याचा विचार आहे. महिन्याभरात निर्णय होईल.

आमच्या घरात त्या दवाखान्याची सर्वांत जास्त गरज होती ती वहिनीला. तिला पाचवा महिना होता. आधीच्या वेळी पाचव्याच महिन्यात गेलं होतं. त्यावर घरात कुणी बोलत नसे, पण बोलत नाही हे सगळ्यांच्या ध्यानात असे. तिच्या अंगात रक्त कमी होतं. दवाखान्यातल्या सिस्टरनी, वलसाडकडच्या उंच आवाजाच्या बाई आहेत, तिला दर आठवड्याला इंजेक्शनला बोलावलं होतं आणि वर दम दिला होता, "एक भी चूकना नहीं, हां." आता हा दवाखाना हायवेपलीकडे गेला, तर ट्रक आणि टेम्पोंच्या त्या रांगा ओलांडून वहिनी दर आठवड्याला जाणार कशी? भाऊ बारा तास लूमवर. आई घरात. मी बाहेर.

माझं डोकं तापलं. ते लवकर तापतं.

त्याच दिवसांत आमच्या वर्गात मॅडम समाजव्यवस्थांबद्दल शिकवत होत्या. त्या सुरतेच्याच, गुजराती, पण माझ्यासाठी मध्येच मराठी बोलत. त्या म्हणाल्या, "समाज म्हणजे एक मोठं घर आणि त्याला एक कर्ता पुरुष, असं चित्र तुम्ही डोक्यात ठेवता. ते काढा. कार्यालय, मिल, शाळा, कोर्ट, कुटुंब, या सगळ्या वेगवेगळ्या व्यवस्था आहेत. प्रत्येकीचा आपला एक कान आहे, आणि त्या कानाला एकाच तऱ्हेची गोष्ट ऐकू येते. मिलला सांगा, खाडीचं पाणी काळं झालंय. तिला काळं ऐकू येत नाही. तिला ऐकू येतं, दंड होणार का? ऑर्डर थांबणार का? शाळेला सांगा, पोरगं उपाशी आहे. तिला ऐकू येतं, हजर की गैरहजर. कोणतीच व्यवस्था दुसरीला हुकूम देऊ शकत नाही. फार तर दार ठोठावू शकते. आत काय ऐकू जाईल ते आतले ठरवतात."

मी उभी राहिले. "मग मॅडम, गुन्हेगार कोण? मिलला कानच नाही, म्हणून तिला सोडून द्यायचं?"

वर्ग हसला. मी उभी राहिले की वर्ग आधीच हसून घेतो.

"तुला एक गुन्हेगार लागतोच ना?" मॅडम म्हणाल्या. "सोडून देऊ नकोस. आधी कान कुठं आहे ते शोध. मग ओरड."

मला ते पटलं नाही. मला वाटलं, ही खुर्चीत बसलेल्यांना सोयीची शिकवण आहे. ज्याचा दोष आहे त्याला व्यवस्था म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. वहीच्या मागच्या पानावर मी तिथंच पत्रकाची पहिली ओळ लिहिली: 'हजेरी कमी की नियत कमी?'

पत्रक मी दुकानातच टाइप केलं. मालकांनी कागद फुकट दिला. ते मूळचे अमळनेरचे, म्हणाले, "चुका कमी कर, बाकी घाल काय घालायचं ते." मजकूर असा होता, की कार्यालय गरिबांचा दवाखाना पळवत आहे, आमच्या गर्भवती भगिनींचा जीव धोक्यात आहे, आणि म्हणून समस्त जनतेनं मंगळवारी सकाळी अकरा वाजता दवाखान्यासमोर जमावं. आप्पांनी घड्या घालून दिल्या. घडी घालण्यात त्यांचा हात असा आहे, की कागदाची कड कडेला लागलेलीच असते. त्यांनी मजकूर दोनदा वाचला आणि चष्मा काढून म्हणाले, "जमलं." त्यांच्या तोंडून हा शब्द मी फार वेळा ऐकलेला नाही.

मंगळवारी मी दुकानातून सुट्टी घेतली. अकराला दवाखान्यासमोर आम्ही पाच जण होतो. मी, आप्पा, माझी कॉलेजातली एक मैत्रीण, पानटपरीवाला, जो तसाही तिथंच असतो, आणि एक गृहस्थ, जे पाच मिनिटांनी म्हणाले, "रेशनकार्डाचं इथंच आहे ना?"

गल्लीत बायका नव्हत्या असं नाही. हेच तर मला सहन होईना. गल्लीतलं प्रत्येक दार उघडं होतं आणि प्रत्येक दारात एक बाई बसलेली होती. आमच्याकडे बघत होत्या. एकीनं हातही हलवला. मी घोषणा दिली, "आमचा दवाखाना!" आणि "आमचाच राहील!" असं उत्तर एकट्या आप्पांनी दिलं. दुसरी घोषणा तोंडातच होती, तोवर मागून भोंगा वाजला. एक छोटा टेम्पो गल्लीत शिरला. आम्ही पाच जण म्हणजे मोर्चा आहे हे ड्रायव्हरला कसं कळावं? तो म्हणाला, "साइड आपो ने, बेन," आणि आम्ही साइड दिली.

टेम्पोवर कपड्यात बांधलेली गाठोडी होती. त्यांना इथं सगळे पोटलंच म्हणतात. एका पोटल्यात साड्या असतात, भरतकाम झालेल्या. त्यांच्या उलट्या बाजूला लोंबणारे धागे छोट्या कातरीनं कापायचे, हे बायकांचं घरचं काम. टेम्पो दिसताच दारादारांत हात वर झाले. आधी कापून झालेलं पोटलं पुढं, मग नवीन पोटलं आत. वर पाहिलं तर आमच्या जिन्याच्या पायरीवर माझी आईही हात वर करून उभी होती. माझ्या मोर्चात सर्वांत उंच वर गेलेला हात तोच होता, आणि तो टेम्पोसाठी होता.

घरी आल्यावर मी तोंडात येईल ते बोलले. तुम्हाला कशाची पर्वा नाही, तुमच्यासाठी लोकांनी लढायचं आणि तुम्ही दारात बसून बघायचं, वगैरे. आईनं पोटल्याची गाठ सोडली, साड्या मोजल्या आणि मान वर न करता विचारलं, "अकरा वाजता कोनी सांगं तुले?"

"कुणी सांगितलं म्हणजे? मीच ठरवलं."

"अकराले पोटलं येस. तुले माहीत नही का?"

खरंच माहीत नव्हतं. पोटली येतात हे माहीत होतं, संध्याकाळी घरात साड्यांचा ढीग दिसायचा. पण कधी येतात, हे विचारण्याची गरज मला कधी पडली नव्हती. हे काम घरात आलं त्याआधीच मी आठला घर सोडू लागले होते.

मग आईनं सगळं सांगितलं. राग नव्हता तिच्या बोलण्यात, पण मऊपणाही नव्हता. टेम्पो अकराला येतो, कधी बाराला, कधी एक वाजता. पण अकरापासून दारात बसावं लागतं. ज्या दारात हात वर, त्या दारात पोटलं; आमच्या दारात आई आणि वहिनी असे दोन हात, म्हणून दोन पोटली. हात नसला तर ते पुढच्या दारात जातं, आणि पुढचे चार-पाच दिवस टेम्पोवाला ते दार विसरतो. शेजारणीला आपला हात वर करायला सांगता येत नाही. तिला स्वतःचे दोनच हात आहेत आणि तिलाही पोटलं हवं आहे. अकराच्या आधी म्हणाल, तर आठला डबे गेलेले असतात, नऊपर्यंत पाणी भरायचं असतं, आणि नऊ ते अकरा कालच्या पोटल्यातले उरलेले धागे. ते दिल्याशिवाय नवीन मिळत नाही.

"आनि दवाखाना नऊ ते एक," आई म्हणाली. "आते सांग, कवय जावो?"

तीनला सगळ्या जणी मोकळ्या असतात. म्हणजे मोकळ्या नाहीत, पण बसलेल्या असतात. गल्लीत सावली येते, जिन्याखाली एकत्र बसून धागे कापतात. तेव्हा दवाखान्याला कुलूप असतं.

मी वहिनीकडे पाहिलं. ती चुलीपाशी नुसतीच उभी होती. "वहिनी, तुझं इंजेक्शन?"

आईनं मांडणीवरच्या डब्यामागून तिचं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. तीन आठवड्यांच्या जागा कोऱ्या होत्या.

माझ्या पत्रकात 'गर्भवती भगिनी' होती. ती माझ्याच घरात होती आणि तीन आठवडे दवाखान्यात गेली नव्हती. नियत कमी असल्यामुळं नव्हे, हात वर करण्यासाठी. त्यात भर म्हणजे, मी तिच्यासाठी घेतलेला मोर्चासुद्धा मी अकराच वाजता ठेवला होता. कार्यालयाला ऐकू येत नव्हतं, आणि मलाही येत नव्हतं. माझा कान घोषणेला किती जण उत्तर देतात एवढंच ऐकत होता. पत्रक काढणारे आम्हीही एक व्यवस्थाच होतो; आमच्याही घड्याळात लोकांचे अकरा वाजत नव्हते.

"तू रडू नको व, बाय," वहिनी म्हणाली. "मी जाईन. पोटलं जाऊ दे एक दिवस." आणि मग हसून, "मोर्चाले तर नाहीच येत मी. माझे पाय सुजलेत."

दुसऱ्या दिवशी आई तिला घेऊन दवाखान्यात गेली. दोघींची पोटली शेजारी गेली. सिस्टरनी किती दम दिला ते आईनं मला सांगितलं नाही, वहिनीनं आवाजासकट करून दाखवला.

पण एकदा पोटलं सोडून भागणार नव्हतं. दर आठवड्याला जायचं होतं, आणि महिन्यानं तर दवाखानाच जाणार होता.

मी शरमेनं मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी पत्रक मागून घेतलं आणि उद्गारचिन्हं मोजली ती तेव्हाच. मग म्हणाल्या, "तुझ्या आईनं पाच मिनिटांत जे सांगितलं त्यासाठी मी तीन तास फळ्यावर लिहिते. जा, तिच्याकडून अख्ख्या गल्लीचा दिवस लिहून आण."

तो कागद आईनं बनवला. मी फक्त लिहिलं. दुपारी तीनला ती जिन्याखाली बसली आणि दर दाराचं विचारत गेली: पाणी कधी, डबे कधी, पोटलं कधी, पोरं शाळेतून कधी, कोणाला दवाखान्याचं काय काम आहे. मी विचारलं असतं तर बायकांनी "सगळं बरं आहे" म्हणून पाठवलं असतं. आईला त्यांनी एकमेकींचं बोलणं तोडत सांगितलं. एका काकूंचं साखरेचं औषध दोन महिने चुकलं होतं. एकीच्या लेकराचा डोस राहिला होता. एक म्हातारी म्हणाली, "दवाखाना बंद व्हतोय का? मला वाटलं कवाचाच झाला. जवा बी पाहावं तवा कुलूप." ती मूळची बीडकडची, आणि तीननंतरच घराबाहेर पडते.

तो कागद घेऊन मी वॉर्ड ऑफिसात गेले. तिथले क्लार्क साहेब, पन्नाशीचे, टेबलावर पेनांचा डबा आणि डब्यात एकच चालणारं पेन. मी आवेदन दिलं. अर्धं पान वाचून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बेन, भाषण बहुत अच्छा है. लेकिन इस फॉर्म में न्याय का खाना नहीं है. हाजरी का है."

पूर्वीची मी असते तर तिथंच दुसरं पत्रक जन्मलं असतं. मी विचारलं, "हाजरी का खाना है, तो समय का भी होगा?"

त्यांनी फॉर्म उलटा केला. होता. 'केंद्राची वेळ' असा एक रकाना होता, आणि केंद्राच्या डॉक्टरांची सही असेल तर प्रयोग म्हणून वेळ बदलता येते, असं एक वाक्य खाली बारीक अक्षरात होतं. ते त्यांनीच मला बोट ठेवून दाखवलं. "यह आज तक किसीने माँगा नहीं," ते म्हणाले. मग माझ्या आवेदनातले 'अन्याय', 'षड्‌यंत्र' असे शब्द त्यांनी स्वतः पेन्सिलीनं खोडले आणि वर लिहायला सांगितलं: आठवड्यातून दोन दिवस दुपारी तीन ते सहा वेळ ठेवल्यास हजेरी वाढेल. मी लिहिलं. लिहिताना मला वाटत होतं की मी काहीतरी विकते आहे. आज तसं वाटत नाही. न्याय त्या कागदात होता; त्यांच्या कानात जाईल अशा अंगानं तो लिहिला होता, इतकंच. त्या क्लार्क साहेबांचे मी आभार मानते. त्यांनी भाषण फेकून न देता पेन्सिल वापरली.

सही मिळायला दहा दिवस गेले, कारण डॉक्टरांनी आधी सिस्टरना विचारलं आणि सिस्टर आधी 'नाही' म्हणाल्या. संध्याकाळी पाचनंतर त्यांच्या गावाकडची गाडी चुकते. म्हणजे त्यांच्याही घरी एक घड्याळ होतं. मी ते विचारलं नव्हतं. त्या तिथं राहतच असतील अशी माझी समजूत होती. शेवटी त्यांनी दुसऱ्या केंद्रातल्या सिस्टरशी दोन दिवसांची अदलाबदल केली. मला म्हणाल्या, "तेरे लिए नहीं किया. वो तेरी भाभी के लिए किया. हिसाब से आएगी ना अब?"

एक काम मी आईला न सांगता केलं. टेम्पोवाल्याला गाठलं. टेम्पो सकाळी लवकर आणा, नाहीतर थेट तीनला, आणि दवाखान्याच्या वेळेत बायकांना मोकळं सोडा, असं सुचवायचं होतं. तो हसला. "बेन, मार्केट खुले दस बजे. उससे पहले माल कौन देगा? और तीन बजे लाऊँ तो सेठ दूसरा टेम्पो रखेगा." त्याच्याही वर कुणीतरी होतं, आणि त्याच्यावर आणखी कुणी. मी परत फिरले, तेव्हा त्यानं मागून विचारलं, "दवाखाना कब से खुलेगा तीन बजे?"

पुढच्या आठवड्यात दुपारच्या दवाखान्याचा पहिला दिवस होता. मी दुकानात होते, पण सकाळी काय झालं ते आईनं सांगितलं. टेम्पो आला, भोंगा वाजला, आणि पोटलं टाकता टाकता तो दर दारात ओरडत गेला, "काकी, पोटलुं लो, ने बपोरे तण वागे दवाखाने जजो!" म्हणजे पोटलं घ्या, आणि दुपारी तीनला दवाखान्यात जा. माझ्या पत्रकाच्या सगळ्या प्रती मिळून जितक्या दारांत पोचल्या नाहीत तितक्या दारांत ती एक ओळ गेली. असं ओरडायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मॅडम म्हणतात ते दार ठोठावणं हेच असेल तर ते टेम्पोच्या भोंग्यानं केलं.

मी त्या दिवशी लेक्चर बुडवलं आणि साडेतीनला पोचले. बाक भरलेला होता, ओटा भरलेला होता. आणि बायका मोकळ्या हातांनी आल्या नव्हत्या. प्रत्येकीनं मांडीवर साडी आणली होती. नंबर येईपर्यंत धागे कापत होत्या. दवाखान्याच्या फरशीवर लाल-हिरव्या धाग्यांचा थर जमत होता आणि आतून सिस्टरचा आवाज येत होता, "अरे, कैंची बाहर रखो! यह दवाखाना है कि कारखाना?"

"सिस्टर, दोनो है," बीडकडची म्हातारी म्हणाली. सगळ्या हसल्या. सिस्टरही.

वहिनी आत होती. बाहेर आली तेव्हा तिनं कार्ड उघडून मला दाखवलं, शाळेतली पोरं वही दाखवतात तसं. त्या आठवड्याच्या जागेत शिक्का होता.

महिना भरला तेव्हा दवाखाना विलीन करण्याचा निर्णय पुढं ढकलला गेला. रद्द झाला नाही. दर तीन महिन्यांनी हजेरी बघू, असं ठरलं. दुपारचे दोन दिवस टिकले, सकाळचे अजून रिकामेच असतात. वहिनीनं त्यानंतर एकही इंजेक्शन चुकवलं नाही. पाचवा महिना गेला, सहावा गेला. सहावा लागला त्या दिवशी आईनं शिरा केला. मुलगी झाली. तिला घेऊन वहिनी डोस द्यायला दुपारीच जाते, आणि मांडीवर आता साडीऐवजी मुलगी असते, साडी आईकडे.

सगळं ठीक झालं असं मी म्हणणार नाही. एका साडीचे धागे कापण्याचे त्या बायकांना जे मिळतं ते ऐकून मला आजही लाज वाटते, आणि त्यावरचं पत्रक माझ्या वहीत तयार होत आहे. आप्पांनी मला विचारलं, "म्हणजे आता तू ओरडणार नाहीस?" त्यांच्या आवाजात थोडी भीती होती, लेक साहेबांच्या बाजूला गेली की काय अशी. मी म्हटलं, "ओरडणार. पण आधी वेळ विचारणार." त्यांनी जरा विचार केला आणि निळ्या नखांनी टेबलावर टकटक केली. "आमी हे कधी इचारलं नही," ते म्हणाले. "मोर्चा कायम आमची पाळी सुटल्यावर ठेवला." ज्या माणसानं आयुष्यभर लोकांसाठी घड्या घातल्या त्यानं असं म्हणणं सोपं नव्हतं. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

मॅडमना मी पेढे नेले. त्यांनी एक घेतला आणि म्हणाल्या, "तुझी आई परीक्षेला बसली असती तर तुझ्यापेक्षा जास्त गुण पडले असते." मी म्हटलं, ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. आमच्या दवाखान्याची हजेरी पुढच्या तीन महिन्यांनी पुन्हा मोजली जाणार आहे, आणि तुमच्या वस्तीतलंही काहीतरी कुणीतरी मोजत असेल: अंगणवाडी, बसथांबा, रेशन दुकान, ग्रंथालय. ते बंद व्हायची नोटीस लागेपर्यंत थांबू नका. या आठवड्यात एक कागद घ्या आणि तुमच्या गल्लीतल्या ज्या बाईला सगळ्यांची घरं ठाऊक आहेत तिच्याजवळ जाऊन बसा. पाणी कधी, काम कधी, मोकळं कधी, हे ती सांगेल तसं लिहा. मध्ये बोलू नका. मग तो कागद त्या दारावरच्या वेळेच्या पाटीशेजारी धरून पाहा. जुळत नसेल तर कार्यालयात जा, फॉर्म मागा, आणि तो उलटा करून वेळेचा रकाना शोधा. भरून द्या. आणि त्या बाईला सोबत न्या, तिला सवड असेल त्या वेळी.